साइज बरोबर, फाइल गायब!

'ही फाइल केवढी आहे?' कम्प्युटरला विचारता येईल असा हा सगळ्यात सोपा प्रश्न. पण त्याचं उत्तर चुकू शकतं, आणि उत्तर बरोबर असलं तरी आपण फसू शकतो. एका डॉक्युमेंट्रीच्या हरवलेल्या दहा मिनिटांमुळे सुरू झालेली ही शोधाशोध.

फायनल इयरच्या डॉक्युमेंट्रीसाठी आम्ही चौघं साताऱ्याजवळच्या एका गावात गेलो होतो. विषय होता जात्यावरच्या ओव्या. ऐंशी पार केलेल्या एका आजींनी आमच्यासाठी अडगळीतलं जातं बाहेर काढायला लावलं, मूठभर ज्वारी घेतली आणि जवळजवळ दोन तास त्या बोलल्या, गायल्या, मधेच रडल्याही. शेवटी शेवटी त्यांनी त्यांच्या गेलेल्या लेकीवर ओव्या म्हटल्या. त्या चालू असताना आमच्यापैकी कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर येऊन कॅमेऱ्याच्या कार्डमधलं फुटेज हार्ड डिस्कवर कॉपी केलं. कॅमेऱ्याने रेकॉर्डिंगचे सात तुकडे केले होते. सहा फाइल्स चार-चार जीबीच्या आणि सातवी २.३१ जीबीची. कॉपीची पट्टी शेवटपर्यंत गेली. मी स्वतःला फार शहाणी समजते, म्हणून दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडून प्रत्येक फाइलचा साइज ताडून पाहिला. आकडे तंतोतंत जुळत होते. "झालंय गं, काढ," मी म्हटलं आणि मैत्रिणीने केबल ओढली. दुसऱ्या दिवशीच्या शूटसाठी कार्ड रिकामं हवं होतं, म्हणून ते लगेच फॉरमॅटही केलं.

तीन दिवसांनी एडिटिंगला बसलो. सहा फाइल्स मस्त चालल्या. सातवी उघडेचना. दुसरा प्लेअर, दुसरा लॅपटॉप, सगळं करून झालं. साइज मात्र २.३१ जीबीच दाखवत होता. रिकव्हरी सॉफ्टवेअरही चालवलं, पण त्याच कार्डवर आम्ही पुढचं शूट केलेलं होतं.

शेवटी कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमधल्या सरांकडे गेलो. त्यांनी ती फाइल व्हिडिओ म्हणून न उघडता हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली. म्हणजे आतले कच्चे बाइट जसेच्या तसे दिसतील अशी. सुरुवातीला आकडे-अक्षरांची दाट गर्दी होती. सरांनी खाली स्क्रोल केलं आणि एका ठिकाणी ती गर्दी अचानक संपली. तिथून पुढे फक्त शून्यं. पानंच्या पानं शून्यं.

"डबा पूर्ण साइजचा आहे," सर म्हणाले. "धान्य अर्धंच आहे."

"पण सर, साइज तर बरोबर दाखवतोय ना!"

"साइज बरोबरच आहे. तू प्रश्न चुकीचा विचारलास."

त्या एका वाक्यापायी पुढचे पंधरा दिवस मी ज्या विषयात शिरले, त्याच्याशी मास कॉमच्या मुलीचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. पण आपण सगळेच रोज ज्या एका आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, त्याचीच ही गोष्ट आहे.

साइज सांगतं कोण?

आपल्याला वाटतं, फाइलवर क्लिक केलं की कम्प्युटर ती मोजून साइज सांगतो. तसं होत नाही. चार जीबीची फाइल दरवेळी पहिल्यापासून मोजायची म्हटलं तर फोल्डर उघडायलाच चहा पिऊन यावं लागेल.

प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक फाइलची एक नोंद ठेवते. तलाठ्याच्या दफ्तरातला सातबाराच म्हणा. मालक कोण, शेवटचा बदल कधी झाला, डेटा डिस्कवर कुठे कुठे आहे आणि एकूण लांबी किती, हे सगळं त्या नोंदीत असतं. एखाद्या प्रोग्रॅमला साइज हवा असेल तर तो स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करतो, ती नोंद वाचते आणि आकडा देते. अशा विनंतीला 'सिस्टिम कॉल' म्हणतात. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिम्समध्ये, म्हणजे लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडमध्येही, या कामाच्या कॉलचं नाव आहे 'स्टॅट'. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. तिचं पहिलं मॅन्युअल १९७१ चं आहे आणि स्टॅट त्यातही आहे. विंडोजमध्ये याच कामासाठी वेगळ्या नावांचे कॉल आहेत.

म्हणजे आपल्याला दिसतो तो दफ्तरातला आकडा. सातबारावर दोन एकर लिहिलंय म्हणून बांधावर जाऊन मोजल्यावर दोन एकरच भरेल असं नसतं, हे गावाकडच्या कोणालाही विचारा. फाइलचंही तसंच आहे.

दोन जीबीची भिंत

चुकीच्या उत्तराचं सगळ्यात प्रसिद्ध कारण अगदी साधं आहे. उत्तर लिहायला दिलेली जागाच अपुरी पडली.

एखाद्या फॉर्मवर पगारासाठी पाचच चौकोन छापलेत आणि तुमचा पगार सहा आकडी आहे, तर तुम्ही काय कराल? जुन्या युनिक्समध्ये फाइलची लांबी ३२ बिटच्या आकड्यात लिहायची पद्धत होती. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी. उरलेल्या ३१ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. इतके बाइट म्हणजे दोन जीबीला एक बाइट कमी. त्या काळी अख्खी डिस्कसुद्धा एवढी मोठी नसायची, त्यामुळे कोणाला चिंता नव्हती.

गंमत म्हणजे हा प्रसंग त्याआधीही येऊन गेला होता. फाइलमध्ये पुढे-मागे जाण्यासाठीचा जो कॉल आहे, त्याचं मूळ नाव होतं 'सीक'. त्याचा आकडा १६ बिटचा होता. तो अपुरा पडला तेव्हा नवा कॉल आला, 'एलसीक'. त्यातला एल 'लाँग'चा, म्हणजे लांब आकड्याचा. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये पाहुणे वाढले की एक खोली वाढवायचे, तसला प्रकार.

१९९० च्या दशकात डेटाबेस आणि व्हिडिओच्या फाइल्स दोन जीबीच्या भिंतीला धडकायला लागल्या. तेव्हा युनिक्स बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'लार्ज फाइल समिट' नावाचा गट केला आणि १९९६ मध्ये तोडगा काढला. लांबी ६४ बिटमध्ये लिहायची. पण जुने प्रोग्रॅम तर जुनाच फॉर्म घेऊन येणार. त्यांचं काय करायचं? त्यांच्यासाठी एक शहाणा नियम झाला. आकडा चौकोनात मावत नसेल तर चुकीचा आकडा द्यायचा नाही, सरळ एरर द्यायची. 'हे मूल्य या जागेत मावत नाही' अशा अर्थाची ती एरर आजही एखाद्या जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला मोठी फाइल दाखवली की येऊ शकते. वैताग येतो, पण ती एरर प्रामाणिक आहे.

विंडोजमधल्या एका जुन्या कॉलची गोष्ट जास्त धोकादायक आहे. 'गेटफाइलसाइज' हा कॉल लांबीचे दोन तुकडे करतो. खालचे ३२ बिट थेट उत्तर म्हणून देतो, आणि वरचे ३२ बिट हवे असतील तर त्यांच्यासाठी प्रोग्रॅमरने वेगळी जागा पुरवायची. प्रोग्रॅमरने कंटाळा केला आणि वरचा तुकडा मागितलाच नाही, तर पाच जीबीच्या फाइलचं उत्तर येतं एक जीबी. चार जीबी गायब, आणि एररसुद्धा नाही! शिवाय हा कॉल फसला की जो खास आकडा परत करतो, तोच आकडा काही फाइल्सच्या खालच्या तुकड्याचं खरंखुरं उत्तरही असू शकतो. म्हणजे 'जमलं नाही' आणि 'हे घे उत्तर' दोन्हीचा आवाज एकच. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट प्रोग्रॅमर्सना त्याऐवजी 'गेटफाइलसाइजईएक्स' हा नवा कॉल वापरायला सांगते. तो ६४ बिटचं उत्तर एकत्र देतो आणि जमलं की नाही ते वेगळं सांगतो.

३२ बिटची ही भिंत तुम्ही स्वतः पाहिलेली आहे. पेनड्राइव्ह एफएटी-३२ फॉरमॅटचा असेल तर त्यावर चार जीबीचा सिनेमा जात नाही, भले २० जीबी जागा मोकळी असो. कारण त्या फॉरमॅटच्या नोंदीत लांबीसाठी ३२ बिटच आहेत. चिन्हाचा बिट नसल्याने मर्यादा दोनऐवजी चार जीबी, एवढाच फरक. आमच्या कॅमेऱ्याने रेकॉर्डिंगचे चार-चार जीबीचे तुकडे पाडले तेही याच मर्यादेच्या हिशोबाने. आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज २१४ कोटींच्या पुढे गेले तेव्हा यूट्यूबने काउंटर ६४ बिटचा केल्याचं जाहीर केलं होतं. आकडा ओळखीचा वाटतोय ना? तीच ती भिंत.

६४ बिटची भिंत कुठे आहे? साधारण ९२ लाख टेराबाइटवर. आपल्या हयातीत पुरेल बहुतेक. अर्थात दोन जीबीबद्दलही असंच वाटलं होतं.

शून्य, पण रिकामं नाही

दुसरा प्रकार आणखी गमतीदार. लिनक्सवर 'प्रॉक' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात प्रोसेसरची माहिती देणारी एक फाइल आहे. तिचा साइज विचारा, उत्तर येतं शून्य. उघडा, तर स्क्रीनभर मजकूर!

हे कसं? कारण ती फाइल डिस्कवर नाहीच. तुम्ही वाचायला जाता त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिम तो मजकूर तयार करते. ऑर्डर दिल्यावर थापल्या जाणाऱ्या भाकरीसारखं. आधीच 'किती भाकऱ्या आहेत?' विचारलं तर 'एकही नाही' हे उत्तर खरंच आहे. पण एखादा प्रोग्रॅम आधी साइज विचारून 'तेवढंच वाचेन' म्हणत असेल, तर तो शून्य बाइट वाचून उपाशी परत येतो.

तिसरा प्रकार विंडोजवरचा. एखादा प्रोग्रॅम मोठी फाइल लिहीत असतो. लांबलचक रेकॉर्डिंग चालू आहे असं समजा. तुम्ही फोल्डरमध्ये डोकावता, तर साइज शून्य केबी! छातीत धस्स होतं. पण विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत लांबी दोन ठिकाणी असते. एक फाइलच्या स्वतःच्या मूळ नोंदीत आणि दुसरी फोल्डरच्या यादीत, झटपट दाखवण्यासाठी ठेवलेली नक्कल. दर क्षणाला दोन्हीकडे लिहीत बसलं तर काम मंदावेल. म्हणून यादीतली नक्कल मागे राहू शकते आणि फाइल बंद झाली की ताजी होते. यादीतून मिळालेली माहिती शिळी असू शकते, ताजी हवी असेल तर प्रत्यक्ष फाइल उघडून विचारा, असं मायक्रोसॉफ्टच्या दस्तावेजातच लिहिलेलं आहे. तेव्हा रेकॉर्डिंग चालू असताना शून्य दिसलं म्हणून घाबरून लॅपटॉप बंद करू नका. तसं केलंत तर मात्र ते शून्य खरं होऊ शकतं.

एक जुनी तक्रारही इथेच निकालात काढू. 'एक टीबीची डिस्क घेतली, लॅपटॉप ९३१ जीबी दाखवतो, दुकानदाराने फसवलं.' नाही फसवलं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव दोघंही जीबीच देतात. घरातली आजी तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर म्हणते आणि सराफ दहा ग्रॅम धरतो, तसंच. सोनं तेवढंच आहे. मॅकने २००९ पासून हजाराचा हिशोब घेतला, त्यामुळे तीच डिस्क मॅकला लावली की 'वाढते'!

आमची सातवी फाइल

आता आमच्या केसकडे येऊ. तिथे साइज चुकला नव्हता. मग धान्य गेलं कुठे?

सरांनी समजावलं ते असं. मोठी फाइल कॉपी करताना बरेच प्रोग्रॅम आधी नव्या फाइलची पूर्ण लांबी जाहीर करून टाकतात. म्हणजे जागा राखून ठेवली जाते आणि डिस्क मधेच भरून फजिती होत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीची पानं आधी मांडतात, तसं. मग वाढप सुरू होतं. त्यातही डेटा थेट डिस्कवर जात नाही, थोडा वेळ मेमरीत थांबतो. पट्टी शंभर टक्के दाखवते तेव्हा सगळा डेटा निघालेला असतो, पण सगळा पोचलेला असेलच असं नाही. नेमक्या त्या फटीत आम्ही केबल ओढली.

परिणाम? नोंदीत २.३१ जीबी आणि पानात अर्धंच वाढलेलं. न लिहिलेल्या भागात शून्यं का दिसली, यालाही कारण आहे. त्या जागेवर पूर्वी कोणाची तरी डिलीट केलेली फाइल असू शकते. तिचे अवशेष दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मुद्दाम तिथे शून्यं दाखवते. सुरक्षिततेची सोयच ती. आमच्यासाठी मात्र त्या शून्यांमध्ये एका आईच्या ओव्या होत्या.

"साइजने तुला पानं किती मांडली तेवढं सांगितलं," सर म्हणाले. "जेवण वाढलंय का, हे तू विचारलंच नाहीस."

तज्ज्ञांचीही विकेट

हे सगळं वाचून वाटेल, चूक आमच्यासारख्या नवख्यांचीच. मलाही तेच वाटलं होतं. मग मला २०२३ ची एक घटना सापडली आणि थोडं बरं वाटलं.

झेडएफएस नावाची एक फाइल सिस्टिम आहे. मूळ सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची. तिची ख्यातीच डेटा जपण्यासाठी. ती प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे एक प्रकारचा बोटाचा ठसा, साठवते आणि वाचताना दरवेळी ताडून पाहते. डेटा जिवापेक्षा महत्त्वाचा आहे असे लोक झेडएफएस वापरतात. तिची खुली आवृत्ती म्हणजे ओपनझेडएफएस.

पुढचं समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. काही फाइल्समध्ये 'भोकं' असतात. शंभर जीबीची फाइल, पण मधल्या बऱ्याच भागात नुसती शून्यं. ती शून्यं डिस्कवर कशाला लिहायची? सिस्टिम नोंदीत एवढंच ठेवते की 'इथून इथपर्यंत भोक आहे'. म्हणून फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे दिसतात आणि कधी कधी त्यांच्यात प्रचंड फरक असतो. कॉपी करणारा हुशार प्रोग्रॅम आपल्या एलसीकच्याच एका प्रकाराने सिस्टिमला विचारतो, 'भोक कुठे आहे?' आणि तेवढा भाग वाचायचा सोडून देतो. लिनक्सवरचा कॉपीचा रोजचा प्रोग्रॅम २०२१ पासून असं आपणहून विचारायला लागला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ओपनझेडएफएसची २.२.० आवृत्ती आली. नोव्हेंबरमध्ये काही वापरकर्त्यांच्या लक्षात आलं की कॉपी केलेल्या काही फाइल्सचे तुकडे शून्यांनी भरलेत. साइज बरोबर, आतला माल गायब! अगदी आमच्यासारखं. संशय गेला नव्या आवृत्तीतल्या एका नव्या सुविधेवर. २.२.१ मध्ये ती सुविधा बंद केली गेली. तरी बग जिवंतच. मग कळलं की मूळ चूक जुन्या आवृत्त्यांमध्येही होती, नव्या बदलांमुळे ती फक्त जास्त वेळा समोर येत होती.

चूक काय होती? एखादी फाइल नुकतीच लिहिली गेली आहे, तिचा डेटा अजून मेमरीतून डिस्ककडे चाललाय, अशा अगदी छोट्या क्षणी कोणी विचारलं की 'भोक कुठे आहे?', तर सिस्टिम कधी कधी डेटा असलेल्या जागेला भोक म्हणायची. कॉपी करणारा प्रोग्रॅम तिच्यावर विश्वास ठेवून तो भाग सोडून द्यायचा. मूळ फाइल शाबूत, नक्कल पोकळ.

यातला सगळ्यात क्रूर भाग पुढे आहे. झेडएफएसचे ते प्रसिद्ध बोटाचे ठसे? ते नकलेवर बिनचूक जुळत होते. कारण ठसा शून्यांचाच घेतला होता! तपासणी चालवली तरी सगळं ठीक दिसायचं. ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांमध्ये चूक दुरुस्त झाली. एखाद्या सिस्टिम कॉलचं चुकीचं उत्तर किती महाग पडू शकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलं नाही. तिथे ना केबल ओढली होती, ना लाइट गेली होती. एक साधा प्रश्न होता आणि चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने दिलं गेलं होतं.

मग आपण काय करायचं?

आपल्यापैकी फार थोडे जण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणार आहेत. पण प्रोजेक्ट, थिसिसचा डेटा, शॉर्ट फिल्म, घरातल्या लग्नाचे फोटो कॉपी करणारे आपण सगळेच आहोत. सरांनी आमच्या ग्रुपला जे पाच नियम दिले, ते लॅबच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवलेत.

एक, केबल किंवा पेनड्राइव्ह कधीही ओढून काढायचा नाही. आधी 'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह' करायचं. ही सूचना म्हणजे सिस्टिमला 'मेमरीत अडकलेलं सगळं पोचव' असं सांगणं आहे. तिने 'आता काढा' म्हटल्यावरच काढायचं.

दोन, साइज जुळला म्हणजे कॉपी जुळली असं नाही. साइज जुळला नाही तर मात्र काहीतरी नक्की गडबड आहे. हा आकडा संशय घ्यायला चांगला, खात्री द्यायला नाही.

तीन, खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंचा चेकसम काढायचा. शा-२५६ नावाची पद्धत फाइलमधला प्रत्येक बाइट वाचून ६४ अक्षरांचा ठसा देते. एक बाइट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींमध्ये यासाठीची कमांड आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आणि ठसा काढायच्या आधी डिस्क इजेक्ट करून पुन्हा जोडायची. नाहीतर कम्प्युटर मेमरीतलीच प्रत वाचून 'सगळं ठीक' सांगू शकतो.

चार, कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी हवी, आणि प्रत्येक फाइलची सुरुवात, मध्य आणि शेवट प्ले करून पाहायचा. यात अर्धा तास जातो. आमचा अर्धा तास वाचला होता.

पाच, हा नियम कोडिंग करणाऱ्यांसाठी. साइज विचारून तेवढंच वाचू नका, फाइल संपेपर्यंत वाचा. लांबी कायम ६४ बिटमध्ये ठेवा. आणि सिस्टिम कॉलने एरर दिली तर ती गिळू नका. एरर म्हणजे सिस्टिमने कबूल केलेली अडचण असते. तिच्याकडे दुर्लक्ष करून मिळालेला आकडा म्हणजे नुसता अंदाज.

पुन्हा साताऱ्याला

आम्ही परत आजींकडे गेलो. काय झालं ते कसं सांगावं हेच कळत नव्हतं. "आजी, मशीनमधलं शेवटचं पुसलं गेलं," एवढंच म्हटलं. त्या हसल्या. "मग पुन्हा म्हनते की. पर त्याच येतील असं न्हाई गं पोरी. जात्यावर बसलं की जे येतं ते येतं."

आणि खरंच त्याच ओव्या आल्या नाहीत. दुसऱ्या आल्या. लेकीच्या लहानपणाच्या, थोड्या मजेच्या. त्या दिवशीच्या ओव्या आता कुठेच नाहीत. डिस्कवर त्यांच्या जागी शून्यं आहेत आणि आम्हा चौघांना मिळून त्यातल्या जेमतेम दोन आठवतात.

या वेळी आम्ही घाई केली नाही. अंगणातच लॅपटॉप उघडला. दोन डिस्कवर कॉपी केली. इजेक्ट केलं, पुन्हा जोडलं, ठसे काढले, जुळवले. शेजारची पोरं भोवती जमली होती आणि आम्ही काहीतरी फार मोठं करतोय अशा नजरेने बघत होती. मग सगळ्यात शेवटच्या फाइलचा सगळ्यात शेवटचा मिनिट लावला आणि लॅपटॉप आजींसमोर ठेवला.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "हां, माझाच आवाज हाय." आणि आम्ही निघालो.